घरासाठी लॅपटॉप, पण घर म्हणजे कोण?

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. रविवारी सकाळी दादाचा मिरजेहून फोन आला. "तुला त्यातलं कळतं म्हणून विचारतो. घरासाठी एक लॅपटॉप घ्यायचाय. साठ हजारांपर्यंत. कोणता घेऊ?" मी सहज विचारलं, "कुणासाठी?" तो क्षणभर थांबला. "कुणासाठी म्हणजे? घरासाठी. सगळ्यांना होईल."

समुपदेशन केंद्रात बारा वर्षं काम केल्यावर 'घरासाठी' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. घरासाठी जमीन विकली, घरासाठी कर्ज काढलं, घरासाठी तिनं नोकरी सोडली. या शब्दामागे उभं राहिलेलं माणूस कधी दिसत नाही. पण फोनवर मी दादाला हे काही बोलले नाही. बोलले असते तर "झालं तुझं सुरू" असं त्यानं म्हटलं असतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येते, मग ठरवू.

आपल्यातल्या काही मैत्रिणींना वाटेल की लॅपटॉप हा काय आपल्या अंकाचा विषय आहे का? पाणी, रेशन, मारहाण, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे सगळं सोडून हिला लॅपटॉप सुचतो. शंका रास्त आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या १०.७ टक्के घरांतच संगणक होता, आणि ग्रामीण भागात तर ४.४ टक्के घरांत. त्यानंतर हे आकडे वाढले असणार, तरी आपल्या वस्त्यांमध्ये लॅपटॉप अजून चैनच आहे. पण वस्तू दुर्मिळ असते तेव्हाच तिच्या वाटपाचा प्रश्न तीव्र होतो. घरात दूध अर्धाच लिटर असलं की ते कोण पितं हे आपण वर्षानुवर्षं शिबिरांतून विचारत आलो. मग घरात एकच लॅपटॉप येणार असेल तर तो कुणापुढे उघडला जातो, हे का विचारू नये? शिवाय आता फॉर्म, प्रवेश, शिष्यवृत्ती, टायपिंगची परीक्षा, गटाचे हिशेब, नोकरीचा अर्ज, सगळं त्याच पडद्यावर आलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७.१ टक्के. हा फरक बाजारात पडत नाही, घराच्या उंबऱ्याच्या आत पडतो.

तर आमचं घर. नाना निवृत्त शिक्षक, पेन्शन आहे. आई. दादाचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान. वहिनी ब्लाउज शिवते आणि गल्लीतल्या बचत गटाची सचिव आहे. भाचीला नुकताच सांगलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला, संगणक शाखा. भाचा दहावीत. माणसं सहा, लॅपटॉप एक, अशी योजना.

मी पोचले तेव्हा निवड जवळजवळ झालेलीच होती. भाच्यानं मोबाइलवर एक यंत्र काढून ठेवलं होतं. गेमिंगचा लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड, पावणेसोळा इंची पडदा, कळांखाली लाल दिवे. बासष्ट हजार, बारा हप्त्यांत. दादाचं म्हणणं असं की इंजिनिअरिंगला 'पॉवरफुल' लागतो, तो ताईलाही होईल आणि भाच्यालाही पुढे चालेल. म्हणजे नाव ताईच्या शिक्षणाचं आणि यंत्र भावाच्या खेळाचं. मुलगा लबाड नाही हो, दहावीतल्या पोराला जे वाटायचं तेच त्याला वाटत होतं. मला राग आला तो मोठ्यांचा, कारण त्यांपैकी कुणीही त्या मुलीला विचारलं नव्हतं.

मी विचारलं. ती म्हणाली, "आत्या, हा अडीच किलोचा आहे. वर चार्जरची वीट वेगळी. सकाळची बस खच्चून भरलेली असते. आणि बॅटरी तीन-चार तास. वर्गात प्लग दोन." एवढं ती एका दमात बोलली, म्हणजे मनात तयार होतं सगळं. मग मला लक्षात आलं, तिला यंत्रांतलं दादापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त कळत होतं. 'तुला त्यातलं कळतं' म्हणून फोन मात्र कोल्हापूरला आत्याला गेला, पलीकडच्या खोलीत बसलेल्या मुलीला नाही.

आता थोडं कामाचं. मी घरच्यांना एकेक कागद दिला. शिबिरात देतो तसाच. पण 'तुला लॅपटॉप कशाला हवा' असा प्रश्न लिहायचा नाही असं ठरवलं, कारण त्याचं उत्तर ज्याला बोलता येतं त्यालाच नीट देता येतं. मी विचारलं, 'तुम्ही त्यावर किती वाजता बसणार?'

दादानं लिहिलं रात्री नऊ ते अकरा, कामासाठी. दुकानात त्याचा संगणक आहे, हिशेबाचं टॅली त्यावरच आहे, जीएसटीचं काम लेखापाल करतो. रात्री नऊचं काम म्हणजे काय असं विचारल्यावर तो स्वतःच हसला. नानांनी लिहिलं सकाळी दहा ते बारा, पेपर आणि बँकेचं. भाच्यानं पाच ते नऊ. भाचीनं रोज सात ते अकरा, परीक्षेच्या आधी जास्त. वहिनीनं लिहिलं, 'कधीही चालेल.' आईनं कागद घडी करून डब्याखाली ठेवला होता.

'कधीही चालेल' हे वाक्य आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ कधीच नाही. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं निघालं. ज्या बाईच्या पावणेपाच तासांवर कुणाचाही, केव्हाही हक्क आहे ती वेळ सांगणार तरी कशी? मी वहिनीला म्हटलं, घड्याळातला आकडा लिही. तिनं बराच वेळ विचार करून लिहिलं, 'रात्री साडेदहानंतर.' म्हणजे ज्या वेळी भाचीचा अभ्यास चालू असणार तीच वेळ. एका यंत्रात सगळ्यांचं भागणार म्हणता म्हणता पहिली टक्कर घरातल्या दोन बायकांचीच होणार होती. हे नेहमी असंच होतं. पुरुषांचे तास आधी लागतात, उरलेल्या तुकड्यावर मायलेकी भांडतात, आणि मग लोक म्हणतात, बाईच बाईची वैरीण.

तिचं काम काय आहे ते तरी बघा. गटाच्या बारा बायकांची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, बँकेचा हप्ता. हे सगळं ती मोठ्या वहीत लिहिते, महिन्याच्या शेवटी मोबाइलच्या बोटभर पडद्यावर तक्ता भरते आणि बँकेत पाठवते. एक रकाना चुकला की पहिल्यापासून. तिला मराठीत लिहायचंय. तिच्यासाठी यंत्र किती वेगवान आहे हा प्रश्नच नाही. कळा नीट हव्यात, पडदा बरा हवा आणि बसायला जागा हवी. गेमिंगच्या लॅपटॉपातली तिच्या वाट्याला आलेली शक्ती शून्य, आणि हप्त्यातला वाटा मात्र होता. त्याकडे येतेच.

त्या दिवशी दुपारभर बसून आम्ही एका यंत्राची दोन यंत्रं केली. साठ हजारांत दोन? होतात. हे मी तपशिलानं लिहिते, कारण आपल्या गटांतल्या बायकांना दुकानदार हमखास गोंधळात टाकतात.

भाचीसाठी नवं घेतलं. चौदा इंची, दीड किलोच्या आत, आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. साडेछत्तीस हजार. दुकानदार म्हणत होता, आय-फाइव्ह घ्या. नुसत्या 'आय-फाइव्ह'ला काही अर्थ नसतो, तो कोणत्या पिढीचा हे विचारायचं असतं. दहा वर्षांपूर्वीच्या आय-फाइव्हपेक्षा आजचा आय-थ्री सरस असतो. आम्ही आग्रह धरला तो दुसऱ्याच गोष्टीचा, की रॅम वाढवायला आत मोकळी खाच आहे का. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ८ जीबीवर भागतं, पुढे ॲप वगैरे करायची वेळ आली की १६ लागतात. पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम पाटीलाच झाळलेली असते, मग वाढवता येत नाही आणि पूर्ण यंत्र बदलावं लागतं. दुकानदाराला हा प्रश्न आवडला नाही, पण त्यानं आत फोन करून विचारलं. कॅमेऱ्यावर सरकवायची झाकणी असलेलं यंत्र भाचीनं मुद्दाम निवडलं. का ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलींना ते माहीत असतं.

घरासाठी दुसरं घेतलं ते वापरून दुरुस्त केलेलं, ज्याला बाजारात रिफर्बिश्ड म्हणतात. कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप काढून टाकतात, ते साफ करून विकले जातात. धातूची बांधणी, कळा भक्कम. १८ हजारांत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी मिळाला. याच किमतीत दुकानात नवी कोरी यंत्रंही होती, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवण असलेली. ती घेऊ नका. विंडोज स्वतःच तेवढी जागा खातं, दोन अपडेट झाले की यंत्र गुदमरतं, आणि मग बाईलाच ऐकवलं जातं की 'तुला चालवता येत नाही.' जुनं घेताना मात्र दोन गोष्टी बघाव्या लागतात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. आम्हाला आधी दाखवलेला सहाव्या पिढीचा होता, तो आम्ही परत ठेवला. दुसरं, बॅटरी. यंत्र स्वतःच अहवाल काढून देतं, मुळात बॅटरी केवढी होती आणि आता किती उरली याचा. आमच्यातली ६८ टक्के उरली होती. ते दाखवल्यावर हजार रुपये कमी झाले आणि सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून मिळाली. अहवाल भाचीनं काढला, घासाघीस वहिनीनं केली. कापडबाजारात पंधरा वर्षं अस्तर घेणाऱ्या बाईला घासाघीस शिकवावी लागत नाही.

(हे भाव ऑगस्ट २०२५ चे. त्या वर्षाच्या अखेरीपासून मेमरीच्या किमती जगभर चढल्या, त्यामुळे आज कुणी घ्यायला गेलं तर हेच आकडे धरून जाऊ नका. हिशेबाची रीत तीच राहील.)

नानांची मागणी मोठ्या पडद्याची होती. त्यासाठी मोठा लॅपटॉप लागत नाही. घरच्या टीव्हीला एचडीएमआय वायर जोडली, तीनशे रुपयांची. पेपर भिंतीएवढा दिसायला लागला. भाच्याला त्याच जुन्या यंत्रावर दहावीचे व्हिडिओ बघता येतात. त्याचे मोठे खेळ त्यावर चालत नाहीत. तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. बोलेल.

आता आई. दुपारचं जेवण झाल्यावर तिचा तो घडी घातलेला कागद मला डब्याखाली सापडला, कोराच होता. "मला काय करायचंय त्याचं," असं ती म्हणाली आणि मी ते मान्यही केलं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं 'सहभागी पद्धती' शिकलेली, पुढे बारा वर्षं दुसऱ्यांच्या घरांत ती वापरलेली मी, स्वतःच्या आईचा पहिला नकार अंतिम धरून मोकळी झाले. संध्याकाळी भाची सहज म्हणाली, आजीच्या ओव्यांच्या वह्या आहेत ना त्या टाईप करता येतील. दोनशे पानी दोन वह्या. आईच्या आईच्या, मावश्यांच्या, चिकोडीकडच्या शेजारणींच्या ओव्या आईनं लग्नानंतरच्या पाच-सात वर्षांत आठवून आठवून उतरवलेल्या. आम्हा भावंडांना वह्या माहीत होत्या, पण त्या 'काम' आहेत असं वाटलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या संग्रहावर आपण अभ्यासवर्ग घेतो. घरातल्या वहीवर कपाटातली डांबरगोळी.

आईला टाईप करता येत नाही आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक बघायचा कंटाळा आहे. पण मराठीत बोललेलं लिहून घेण्याची सोय आता फुकट मिळते. गूगल डॉक्समध्ये माईक चालू करायचा आणि सांगायचं. ओवी म्हटली तर यंत्राला काही समजत नाही, सुरात शब्द ताणले की ते भलतंच लिहितं. म्हणून ती आधी ओवी नुसती बोलते, मग सगळं झालं की एकदा स्वतःसाठी म्हणते. जुन्या बोलीतले निम्मे शब्द चुकतात, ते वहिनी दुरुस्त करते. वहिनीला मराठी टायपिंगचा सराव होतोय तो असा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आहे, ती तोच वापरते. ज्यांना सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची आहे त्यांनी मात्र आपल्या संस्थेत परीक्षेला कुठला कळफलक आहे ते आधी विचारून त्यावरच सराव करावा, नाही तर बोटांना लागलेली सवय मोडता मोडत नाही.

पैशांचं बोलू. दादा सगळीकडे सांगत होता, मी पोरीला लॅपटॉप घेतला. त्याची भिशी लागली होती, २५ हजार. नानांनी ६ हजार दिले. वहिनीनं गटातून १५ हजार कर्ज उचललं आणि शिलाईचे ९ हजार काढले. म्हणजे २४. दादाच्या पंचवीस हजारांचा 'लॅपटॉप' झाला आणि वहिनीच्या चोवीस हजारांची 'मदत' झाली. शिवाय गटाचं कर्ज तिच्या नावावर, ते फेडायचं तिनं. मी दादाला हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. तो चिडला. "आम्ही नवरा-बायको असा हिशेब ठेवत नाही," म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही नाही ठेवत, मी ठेवते. वहीत आहे." गटाची सचिव आहे ती.

नवीन लॅपटॉपचं बिल करताना दुकानातल्या मुलानं दादाचं नाव लिहायला घेतलं. विचारलंही नाही. आम्ही भाचीचं नाव घालायला सांगितलं आणि जुन्याच्या बिलावर वहिनीचं. दादाला ते विचित्र वाटलं, "नावानं काय फरक पडतो?" फरक पडत नसेल तर घालू दे की, असं मी म्हटलं. मैत्रिणींनो, १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितली होती. त्या वेळीही हाच प्रश्न आला असेल, नावानं काय फरक पडतो. आपण सातबाऱ्यासाठी, घराच्या उताऱ्यासाठी भांडलो. लॅपटॉप ही काही जमीन नव्हे, चार-पाच वर्षांत भंगारात जाईल. पण आमच्या केंद्रात घर सोडून आलेल्या मुली आता दागिन्यांच्या यादीत फोन आणि लॅपटॉप लिहितात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे, आणि तिचं स्त्रीधन किंवा तिच्या हक्काची वस्तू परत द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तिथं पहिला प्रश्न येतो, तुझा कशावरून? बिल असेल तर उत्तर एका कागदाचं असतं.

बिलाच्या पलीकडे आणखी एक मालकी असते, ती दिसत नाही. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की तो विचारतो, वापरणारा कोण? जो पहिला खातं उघडतो तो होतो ॲडमिनिस्ट्रेटर. मराठीत सांगायचं तर घरातला कर्ता. बाकीच्यांची खाती त्याच्या हाताखाली. तो नवीन प्रोग्राम टाकू शकतो, दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलू शकतो, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरू शकतो. 'आमच्या घरी प्रत्येकाचं वेगळं खातं आहे' असं म्हणणाऱ्या बाईला मी आता विचारते, कर्ता कोण आहे?

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची गोष्ट, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तिनं नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा घरच्याच संगणकावर लिहिला, स्वतःच्या खात्यात, पासवर्ड घालून. नवऱ्यानं तो दुसऱ्या दिवशी वाचला होता. त्याला काही फोडावं लागलं नाही, त्यानंच ते खातं तिला उघडून दिलेलं होतं. दुसरीनं मोठ्या पडद्यावर बघायला सोपं म्हणून व्हॉट्सॲप लॅपटॉपला जोडलं आणि तसंच सोडलं. महिनाभर तिचा प्रत्येक निरोप, आमच्याशी झालेलं बोलणंसुद्धा, कुणी तरी शांतपणे वाचत होतं. फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' म्हणून जागा असते, तिथे आपला फोन कुठे कुठे जोडलेला आहे ते दिसतं आणि तोडताही येतं. पण घरात धोका असेल तर तोडण्याआधी विचार करा, कारण तोडलेलं त्यालाही कळतं. अशा मैत्रिणीला आम्ही सांगतो, तक्रारीचे कागद घरच्या यंत्रावर नकोतच. केंद्रात या, इथे बसून लिहा.

हे सगळं मी मिरजेत सांगितलं आणि घरच्या लॅपटॉपचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं वहिनीच्या नावे उघडून कोल्हापूरला परतले. रात्री आमचा लॅपटॉप उघडला. तो आम्ही लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतला, पैसे अर्धे-अर्धे. खाती बघितली. कर्ता नवरा. माझं खातं साधं. सात वर्षं मी त्यावर केंद्राचे अहवाल लिहिले, बायकांची नावं असलेल्या नोंदी ठेवल्या. नवरा सज्जन आहे, त्यानं कधी काही उघडलं नसणार. पण त्या बायकांनी त्यांची गोष्ट माझ्यावर विश्वासून सांगितली होती, माझ्या नवऱ्याच्या सज्जनपणावर नाही. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, दुकानात मीच गेलो होतो म्हणून माझं नाव पडलं." खरंच तसंच झालं होतं. बहुतेक घरांत तसंच होतं. दुसऱ्या दिवशी नोंदी केंद्राच्या यंत्रावर हलवल्या.

एक मुद्दा सरकारचा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगलं झालं, माझ्या भाचीलाही त्याचा फायदा आहे. पण संगणक शाखेला शुल्क माफ करून यंत्र न देणं म्हणजे शेत देऊन नांगर न देणं. शुल्क सरकार थेट महाविद्यालयाशी बघतं, त्यात घरातल्या कुणाला विचारावं लागत नाही. लॅपटॉप मात्र घरातून यावा लागतो, आणि घरात तो आधी मुलाच्या नजरेतून बघितला जातो. तामिळनाडूनं २०११ मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. त्यावर निवडणुकीचं राजकारण म्हणून टीका झाली, मध्ये काही वर्षं खंडही पडला. तरी मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. यंत्र विद्यार्थ्याच्या नावे येत होतं, तिथे मुलीचा हिस्सा कुठल्या कुटुंबसभेत ठरत नव्हता. केरळमध्ये कोविडच्या काळात कुटुंबश्री आणि तिथली सरकारी चिटफंड कंपनी यांनी विद्याश्री योजना काढली, बायकांच्या गटांमार्फत महिन्याला ५०० रुपये, तीस महिने. यंत्रं मिळायला उशीर झाला, तक्रारी झाल्या. पण पैशाची वाट बायकांच्या गटातून जात होती. आपल्याकडे गटांना शेळ्यांसाठी, पापडासाठी, शिलाई यंत्रासाठी कर्ज मिळतं. वहिनीनं पंधरा हजार मागितले तेव्हा तिच्या गटानंही आधी विचारलं, "लॅपटॉप? त्यातून उत्पन्न काय?" तिनं कर्ज शेवटी 'शिक्षण' या सदराखाली घेतलं. बचत गटांच्या संघांनी आपल्या कर्जाच्या यादीत हे सदर स्वतंत्र घालावं, असं मला वाटतं. आणि मुलींच्या शुल्कमाफीत यंत्राचाही समावेश व्हावा ही मागणी आपण लावून धरावी.

नंतर दिवाळीत मिरजेला गेले. भाची तिच्या यंत्राला कुणाला हात लावू देत नाही. नानांची आणि टीव्हीची गट्टी जमली आहे. आईच्या पहिल्या वहीची साठ पानं झालीत. घरच्या लॅपटॉपवर वहिनीची वेळ आम्ही दुपारी अडीच ते चार ठरवून भिंतीवर कागद लावला होता. तो कागद होता, पण त्या वेळी ब्लाउजची गिऱ्हाइकं येतात आणि भाचा शाळेतून आला की खायला मागतो. भाच्याला स्वतःचं खाणं स्वतः घ्यायला सांगितलंय. पोहे कसे करायचे ते आजीनं त्याला शिकवलं, आणि तो करतो, आठवड्यातून तीनदा तरी. बाकीच्या दिवशी वहिनी अजून रात्री साडेदहानंतरच बसते. तिच्या पासवर्डबद्दल दादानं दोनदा विचारलं. तिनं सांगितला नाही. तो तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा काय करायचं, हे तिनं मला निघताना विचारलं, आणि गाडी यायची वेळ झाली होती म्हणून ते बोलणं तसंच राहिलंय.